‘टर्न ऑफ इट’ की ‘टर्न इट ऑफ’?





मागच्या पालक सभेत आठवीतल्या एका मुलीच्या आईने उभे राहून मला विचारले, "सर, मुलीचे इंग्रजी सुधारावे म्हणून आम्ही घरात मराठी बोलणे बंद करावे का?" सभेत क्षणभर शांतता पसरली. दोन-चार पालकांनी मान हलवली, म्हणजे प्रश्न एकट्या त्या ताईंचा नव्हता. मी तेव्हा "नाही, असे मुळीच करू नका" एवढेच म्हणालो आणि सभा पुढे सरकली. पण उत्तर अर्धवट राहिल्याची रुखरुख मनात होती. ते पुरे करण्यासाठी हा लेख.

त्या प्रश्नामागे घडलेली गोष्ट मला नंतर कळली. त्या मुलीने वर्गात पंखा बंद करण्यापूर्वी मॅडमना विचारले होते, "मॅडम, शाल आय टर्न ऑफ इट?" वर्गातली काही मुले फिदीफिदी हसली. दुसऱ्या दिवसापासून तिने वर्गात इंग्रजी बोलणेच सोडून दिले. मी त्या वर्गावर गेलो आणि हसणाऱ्यांना विचारले, "बरोबर काय ते सांगा." सगळ्यांनी सांगितले, "टर्न इट ऑफ." मग विचारले, "का?" तेव्हा एकालाही सांगता आले नाही. आपल्याला कारण माहीत नाही अशा चुकीवर आपण हसू नये, एवढे मी त्यांना सांगितले. आता कारणाकडे वळू. पण त्याआधी माझी स्वतःची एक फजिती सांगतो.

दोन शब्द आले, पण अर्थ आला नाही

माझे शिक्षण पहिलीपासून बी.ए.पर्यंत हिंदी माध्यमातून झाले. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी हा पास होण्यापुरता एक विषय. १९९२ साली मी एका संस्थेत नोकरीसाठी अर्ज केला. मुलाखतीचे पत्र आले, पण नेमकी तीच तारीख माझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाची होती. शब्दकोश समोर ठेवून मी तारीख बदलून मिळावी असे विनंतीपत्र लिहिले. आठ दिवसांनी एका ओळीचे उत्तर आले, ‘युअर रिक्वेस्ट हॅज बीन टर्न्ड डाउन.’

मी पुन्हा शब्दकोश उघडला. ‘टर्न’ म्हणजे वळवणे. ‘डाउन’ म्हणजे खाली. मी असा निष्कर्ष काढला की वरच्या साहेबांनी माझी विनंती खालच्या कार्यालयाकडे वळवली आहे आणि आता तिथून नवी तारीख येईल. मी निश्चिंत मनाने मांडवाच्या कामाला लागलो. लग्न झाले, पाहुणे गेले, महिना उलटला, तरी तारीख काही आली नाही. शेवटी गल्लीतल्या एका निवृत्त मास्तरांना पत्र दाखवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि हळूच म्हणाले, "अरे, त्यांनी नाही म्हटलं आहे तुला. टर्न डाउन म्हणजे नाकारणे." विनंती नाकारली म्हणजे मुलाखत ठरल्या तारखेलाच होती, आणि ती केव्हाच होऊन गेली होती.

‘टर्न’ मला येत होते. ‘डाउन’ही येत होते. दोघे एकत्र आल्यावर तयार होणारा तिसरा अर्थ तेवढा येत नव्हता. त्या एका अर्थापायी माझी नोकरीची पहिली संधी गेली. आपल्या मुलांवर अशी वेळ येऊ नये म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

क्रियापद आणि त्याचा सोबती

इंग्रजीत काही छोटी, घरगुती क्रियापदे आहेत: गेट, पुट, टेक, टर्न, लुक, गिव्ह, कम, गो, ब्रेक, कॉल. आणि काही त्याहून छोटे शब्द आहेत: अप, डाउन, ऑन, ऑफ, इन, आउट, अवे, बॅक, आफ्टर, फॉर. रोजच्या इंग्रजीचा निम्मा संसार या दोन गटांच्या जोड्यांवर चालतो म्हटले तरी चालेल. एकटे ‘लुक’ घ्या. त्याचा अर्थ पाहणे. पण त्याला सोबती मिळाला की काय होते ते बघा:

‘लुक ऐट’ म्हणजे एखाद्या वस्तूकडे पाहणे.
‘लुक फॉर’ म्हणजे शोधणे.
‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणे.
‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे.
‘लुक अप’ म्हणजे शब्द कोशात काढून पाहणे.
‘लुक डाउन ऑन’ म्हणजे तुच्छ लेखणे.
‘लुक फॉरवर्ड टू’ म्हणजे आतुरतेने वाट पाहणे.

डोळ्यांचे काम खरे म्हणजे पहिल्याच जोडीत आहे. पुढे पुढे सोबत्याने क्रियापदाला कुठल्या कुठे नेले आहे! म्हणूनच ‘लुक म्हणजे पाहणे’ एवढेच पाठ करणाऱ्या मुलाला ‘शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर’ हे वाक्य ‘ती आजीच्या मागे पाहते’ असे दिसते. दोष त्या मुलाचा नाही, आपण त्याला शब्द सुटे सुटे शिकवले हा आपला दोष आहे.

ही अडचण आपल्यालाच येते असे समजू नका. इंग्रजीचे प्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ साली आपला कोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी नमूद केले आहे की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची पद्धत परदेशी माणसाला सर्वांत कठीण जाते. अशा जोड्यांना आज ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकातून रूढ झाले आणि ते आपल्याला ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले, असे स्मिथ यांनीच लिहून ठेवले आहे.

इंग्रजीत एकाच कामाला बहुधा दोन शब्द का सापडतात, याला इतिहास आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यानंतर राज्यकारभारात फ्रेंच भाषा आली, विद्येच्या क्षेत्रात लॅटिन होतीच. त्यामुळे पुढे ‘पोस्टपोन’, ‘टॉलरेट’, ‘एक्स्टिंग्विश’, ‘इन्व्हेस्टिगेट’ असे भारदस्त शब्द इंग्रजीत रुजले. पण घरात, शेतात, बाजारात लोक ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’, ‘पुट आउट’, ‘लुक इन्टू’ असेच म्हणत राहिले. आपल्याकडे नाही का, ‘अग्नी प्रज्वलित करणे’ हे समारंभाच्या पत्रिकेत शोभते, पण स्वयंपाकघरात आपण ‘गॅस लाव’ असेच म्हणतो. आपली मुले पाठ्यपुस्तकातून ‘पोस्टपोन’ शिकतात आणि समोरचा माणूस ‘पुट ऑफ’ म्हणाला की गोंधळतात, त्याचे मूळ इथे आहे.

ही गोष्ट आपल्या घरातलीच

आता मुलांना वाटेल, हे सगळे परके आणि नवे आहे. तसे नाही. संस्कृतच्या तासाला तुम्ही उपसर्ग शिकला आहात. एकाच ‘हृ’ धातूला वेगवेगळे उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार असे शब्द होतात. जेवण, फिरणे, मारणे आणि नाश, सगळे एका धातूच्या घरात! धातू तोच, सोबती बदलला की अर्थ बदलला. पाणिनीने अष्टाध्यायीत सांगितले आहे की उपसर्ग धातूच्या आधी येतात. पण वेदांच्या भाषेत ते धातूच्या नंतरही येऊ शकतात आणि दोघांच्या मध्ये दुसरे शब्दही बसू शकतात, हेही त्याने तिथेच सांगून ठेवले आहे. ‘टर्न’ आणि ‘ऑफ’ यांच्या मध्ये ‘इट’ बसतो, तो याच जातीचा प्रकार आहे.

संस्कृत राहू द्या, रोजची मराठी घ्या. बैठक पुढे ढकलली. तक्रार मागे घेतली. काम पार पाडले. मुलगा अभ्यासात मागे पडला. ‘पुढे ढकलणे’ म्हणजे कोणी बैठकीला धक्का देत नाही आणि ‘मागे घेणे’ म्हणजे कोणी तक्रार ओढत नाही. इंग्रजीत याच अर्थाच्या जोड्या अनुक्रमे ‘पुट ऑफ’, ‘टेक बॅक’, ‘कॅरी आउट’ आणि ‘फॉल बिहाइंड’ अशा आहेत. आपण या मराठी जोड्या कधी पाठ केल्या होत्या का? नाही. वाक्यात ऐकल्या आणि वाक्यात वापरल्या.

शिवाय मराठीत आणि हिंदीत क्रियापदाला क्रियापद जोडण्याची सोय आहे. लिहून घे, लिहून दे, लिहून ठेव, लिहून काढ, लिहून टाक. पाचही वेळा लिहायचेच आहे, तरी पाच वेगळ्या सूचना आहेत. ‘लिहून ठेव’ म्हटले की इंग्रजीतले ‘राइट डाउन’ आठवते आणि ‘लिहून काढ’ म्हटले की ‘राइट आउट’. ‘खाऊन टाक’मधला ‘टाक’ आणि ‘ईट अप’मधला ‘अप’ एकच काम करतात, ताटात काही उरू नये असे सांगतात.

हा सोबती परक्याला किती चकवतो, हे आपण इंदूरकरांना चांगले ठाऊक आहे. आपण सहज बोलून जातो, "मी त्याला सांगून दिलं." आपल्या डोक्यात हिंदीतले ‘बता दिया’ असते. पुण्याचे पाहुणे लगेच गालातल्या गालात हसतात, कारण त्यांच्याकडे ‘सांगितलं’ किंवा ‘सांगून टाकलं’ असते. होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेल्या आपल्या मराठीला ही हिंदीची सावली पडली आहे. मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण एका छोट्या ‘दे’ने माणूस कुठला ते कळते. इंग्रजीतल्या ‘अप’ आणि ‘ऑफ’चेही असेच आहे.

सर्वनाम कुठे बसवायचे?

आता मूळ प्रश्न. मी त्या मुलीला कार्यालयात बोलावून सांगितले, "बेटा, ‘इट’ मध्ये बसतो. टर्न इट ऑफ." तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती परत आली आणि म्हणाली, "सर, मग ‘लुक आफ्टर हर’ असं का म्हणतात? ‘लुक हर आफ्टर’ का नाही?" मला मनापासून आनंद झाला. हसणाऱ्या मुलांपैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. तिला जे उत्तर दिले तेच इथे नीट मांडतो.

इंग्रजीतला हा छोटा शब्द दोन प्रकारचा असतो. कधी तो क्रियाविशेषण असतो, म्हणजे क्रियापदाच्या बाजूचा. कधी तो आपल्या शब्दयोगी अव्ययासारखा असतो, म्हणजे नामाच्या किंवा सर्वनामाच्या बाजूचा. मराठीतच बघा. ‘तक्रार मागे घेतली’ यातला ‘मागे’ हा ‘घेतली’च्या बाजूचा आहे. ‘तो तिच्या मागे लागला’ यातला ‘मागे’ हा ‘तिच्या’ला जोडलेला आहे. शब्द एकच, पण नाते वेगळे. ‘तिच्याकडे लक्ष दे’ या वाक्यातला ‘कडे’ तर ‘तिच्या’पासून तोडताच येत नाही. हे नाते ओळखले की पुढचे नियम सोपे होतात.

पहिला नियम. सोबती क्रियाविशेषण असेल आणि कर्म नाम असेल, तर दोन्ही जागा चालतात. ‘टर्न ऑफ द फॅन’ बरोबर आणि ‘टर्न द फॅन ऑफ’ हेही बरोबर. कर्म फार लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवणे चांगले.

दुसरा नियम. सोबती क्रियाविशेषण असेल आणि कर्म सर्वनाम असेल, तर सर्वनाम मध्येच बसते. ‘टर्न इट ऑफ’, ‘वेक हिम अप’, ‘पिक देम अप’, ‘कॉल मी बॅक’. ‘टर्न ऑफ इट’, ‘वेक अप हिम’ चालत नाही.

तिसरा नियम. सोबती शब्दयोगी प्रकारचा असेल, तर नाम असो वा सर्वनाम, ते नंतरच येते. ‘लुक आफ्टर हर’, ‘वेट फॉर मी’, ‘लुक ऐट देम’. इथे ‘आफ्टर’ हा ‘हर’चा आहे. आपला ‘कडे’ जसा ‘तिच्या’ला सोडत नाही, तसा तोही सोडत नाही. फरक इतकाच की मराठीत तो नंतर येतो आणि इंग्रजीत आधी.

चौथा नियम. जोडी तीन शब्दांची असेल, तर सर्वनाम शेवटी येते, कारण तिसरा शब्द शब्दयोगी प्रकारचा असतो. ‘आय कान्ट पुट अप विथ इट’, म्हणजे मला हे सहन होत नाही. ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू इट’, म्हणजे आम्ही त्याची आतुरतेने वाट पाहत आहोत.

काही जोड्यांना कर्मच नसते. ‘गेट अप’, ‘सिट डाउन’, ‘द बस ब्रोक डाउन’. तिथे सर्वनाम कुठे बसवायचे हा प्रश्नच येत नाही.

दुसऱ्या नियमामागे कारणही आहे. बोलताना इंग्रजी माणूस नवी आणि महत्त्वाची गोष्ट वाक्याच्या शेवटी ठेवतो. ‘इट’ म्हणजे पंखा, हे दोघांनाही आधीच माहीत आहे. त्याचे काय करायचे, चालू की बंद, ही नवी गोष्ट आहे. म्हणून मानाची शेवटची जागा ‘ऑफ’ला मिळते आणि हलका ‘इट’ मध्ये सरकतो. मराठीत आपण ‘तो बंद कर’ म्हणतो, तेव्हा ‘तो’ हलकेच उच्चारतो आणि जोर ‘बंद’वर देतो. भाव तोच आहे.

नाते ओळखायचे कसे?

यासाठी तीन युक्त्या सांगतो.

पहिली, वाक्याची परीक्षा. ‘ही रॅन अप द हिल’ म्हणजे तो टेकडीवर धावत चढला. ‘ही रॅन अप अ बिग बिल’ म्हणजे त्याने मोठे बिल करून ठेवले. दोन्ही वाक्ये ऐकायला जुळ्या भावांसारखी आहेत. आता टेकडीच्या आणि बिलाच्या जागी ‘इट’ घाला. टेकडीसाठी ‘ही रॅन अप इट’, कारण ‘अप’ टेकडीचा आहे. बिलासाठी ‘ही रॅन इट अप’, कारण ‘अप’ क्रियापदाचा आहे. सर्वनाम आले की जुळे भाऊ वेगळे ओळखू येतात.

दुसरी, कानाची परीक्षा. क्रियाविशेषण असेल तर उच्चाराचा जोर बहुधा त्या छोट्या शब्दावर पडतो: टर्न इट ‘ऑफ’. शब्दयोगी प्रकार असेल तर जोर बहुधा क्रियापदावर राहतो: ‘वेट’ फॉर मी, ‘लुक’ ऐट इट. इंग्रजी बातम्या किंवा क्रिकेटचे समालोचन ऐकताना याकडे कान ठेवा.

तिसरी, कोशाची परीक्षा. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या चांगल्या इंग्रजी कोशात, उदाहरणार्थ ऑक्सफर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स कोशात, क्रियापदाच्या नोंदीखाली अशा जोड्या वेगळ्या दिलेल्या असतात. कर्म मध्येही आणि नंतरही चालत असेल, तर तिथे दोन्ही बाजूंना टोक असलेला बाण छापतात. तो बाण दिसला की समजावे, इथे सर्वनाम मध्ये बसणार. १९९२ साली माझ्याजवळ असा कोश असता आणि तो पाहायची सवय असती, तर ‘टर्न डाउन’ ही जोडी मला तिथे वेगळ्या ओळीत सापडली असती.

आपल्या नेहमीच्या चुका

मुलांच्या वह्या तपासताना आणि मोठ्यांची पत्रे वाचताना काही चुका वारंवार दिसतात. माझ्याही हातून त्या झाल्या आहेत.

जिथे सोबती नको तिथे आपण तो देतो. ‘डिस्कस अबाउट’ नव्हे, नुसते ‘डिस्कस’. ‘कोप अप विथ’ नव्हे, ‘कोप विथ’. ‘रिटर्न बॅक’ नव्हे, नुसते ‘रिटर्न’, कारण परतणे त्यातच आले. मराठीत ‘विषयावर चर्चा’ म्हणतो, त्यातला ‘वर’ आपल्या मनात रेंगाळतो आणि ‘अबाउट’ होऊन बाहेर येतो.

जिथे सोबती हवा तिथे आपण तो विसरतो. ‘लिसन म्युझिक’ नव्हे, ‘लिसन टू म्युझिक’. ‘वेट मी’ नव्हे, ‘वेट फॉर मी’. मराठीत गाणे सरळ ऐकतात, मध्ये काही लागत नाही, म्हणून ‘टू’ निसटतो.

कधी आपण सोबती चुकीचा निवडतो. ‘दिवा बंद कर’चे ‘क्लोज द लाइट’ होते. दाराला ‘क्लोज’ चालते, दिव्याला ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ हवे. बसमधून उतरताना ‘गेट ऑफ’, पण मोटारीतून उतरताना ‘गेट आउट ऑफ’.

आणि एक गमतीची. आपण अभिमानाने सांगतो, "मी अमुक साली पास आउट झालो." भारतात सगळ्यांना ते कळते. पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ‘पास आउट’ म्हटले की आधी आठवते ते चक्कर येऊन पडणे. तिकडच्या विद्यापीठाला पत्र लिहिताना ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावे हे बरे.

त्या ताईंच्या प्रश्नाचे उत्तर

आता पालकांशी दोन शब्द. घरात मराठी बोलणे बंद करून इंग्रजी सुधारणार नाही. उलट, ‘लिहून घे’ आणि ‘लिहून दे’ यांतला फरक ज्या मुलाला बारकाईने कळतो, त्याला ‘गिव्ह अप’ आणि ‘गिव्ह इन’ यांतला फरक समजावून सांगता येतो. पहिले म्हणजे सोडून देणे, दुसरे म्हणजे नमते घेणे. ज्या मुलाची कोणतीच भाषा भक्कम नाही, त्याला कशाच्या आधाराने समजावणार? मराठी आली म्हणून इंग्रजी आपोआप येईल असे मात्र मी म्हणत नाही. त्यासाठी वेगळी मेहनत हवीच. पण मराठी ही त्या मेहनतीच्या वाटेतली धोंड नसून पायरी आहे. घरी मुलाने ‘टर्न ऑफ इट’ म्हटले तर हसू नका, रागावूही नका. आपण फक्त बरोबर वाक्य सहज बोलून दाखवा. आपल्याला इंग्रजी येत नसेल तर मुलालाच विचारा, "आज कोणती जोडी शिकलास? मराठीत काय म्हणशील?" तो तुम्हाला शिकवील आणि शिकवता शिकवता स्वतः पक्का होईल.

विश्वस्त मंडळींना एक विनंती. इंग्रजी संभाषणाचे वर्ग बाहेरच्या शिक्षकांकडून घ्यावेत, असा प्रस्ताव आपल्यासमोर आहे. माझा त्याला विरोध नाही. परंतु त्याआधी सहावी ते दहावीच्या प्रत्येक वर्गात विद्यार्थी-कोशाच्या पाच-पाच प्रती ठेवता आल्या, तर तो खर्च अनेक वर्षे कामी येईल. संभाषणाचा वर्ग तीन महिन्यांत संपतो, कोश कपाटात राहतो आणि धाकट्या भावंडांच्याही उपयोगी पडतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यासाठी या सत्रापासून ‘जोडीची वही’ सुरू करीत आहोत. शब्द आणि त्यापुढे अर्थ, अशी जुनी यादी त्या वहीत नको. प्रत्येक पानावर एकच जोडी लिहायची. तिचे एक वाक्य नामासह, दुसरे सर्वनामासह आणि खाली आपण घरी बोलतो तसे मराठी वाक्य. रोज एकच जोडी पुरे. उदाहरणार्थ, ‘पुट ऑन युअर स्वेटर’, ‘पुट इट ऑन’, आणि खाली ‘स्वेटर घाल’.

सुरुवात म्हणून हा छोटा स्वाध्याय. खालील वाक्यांतल्या नामाच्या जागी योग्य सर्वनाम घाला आणि ते योग्य ठिकाणी बसवा.

१. पिक अप द पेन्सिल.
२. वेट फॉर युअर ब्रदर.
३. वेक अप द चिल्ड्रन.
४. शी लुक्स आफ्टर हर ग्रँडमदर.
५. ही गेव्ह अप टी.
६. वी कान्ट पुट अप विथ द नॉइज.

उत्तरे लिहून वर्गशिक्षकांना दाखवा. ज्यांचे एखादे उत्तर चुकेल त्यांनी माझ्याकडे यावे. चुकले म्हणून नव्हे, तर का चुकले ते आपण दोघे मिळून शोधू म्हणून. आठवीतली ती मुलगी आता वर्गात पुन्हा हात वर करते, असे मॅडम सांगतात. बाकीच्यांनीही तसेच करावे, ही इच्छा.

आपला स्नेहांकित,
मुख्याध्यापक